सोंगक्रान, लॉय क्राथोंग आणि ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्ताने थायलंडला आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना एप्रिल आणि नोव्हेंबर जवळ आला की तेच प्रश्न पडतात. पाणी उडवायचं का? नदीत दिवा सोडायचा का? ऑफिसमधल्या साहेबांच्या हातावर पाणी घालायचं म्हणतात, ते चालेल का? आम्ही उत्तर थायलंडमधल्या चियांग माईत राहतो आणि इथल्या थाई मंडळीत उपासनेला जातो. तिथल्या वडीलधाऱ्यांकडून जे शिकलो आणि पवित्र शास्त्रातून जे समजलं, ते इथे मांडलं आहे.

हे सण नेमके कोणते आणि कधी येतात?

सोंगक्रान म्हणजे थाई लोकांचं परंपरागत नववर्ष. सूर्य मेष राशीत जातो त्या सुमाराचा हा सण आता 13 ते 15 एप्रिल या ठरलेल्या तारखांना होतो. सरकारी वर्ष 1941 पासून 1 जानेवारीला सुरू होतं, पण गावी जायची, आईवडिलांना भेटायची ओढ लागते ती एप्रिलातच. डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने सोंगक्रानचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला.

लॉय क्राथोंग येतो थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, बहुतेक वेळा नोव्हेंबरात. केळीच्या पानांच्या द्रोणात मेणबत्ती, उदबत्ती, फुलं ठेवून तो पाण्यात सोडतात. उत्तरेकडच्या लान्ना प्रदेशात त्याच पौर्णिमेला यी पेंग असतो. आकाशात कंदील सोडतात तो हा सण. याखेरीज बौद्ध भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपताना नखोन फानोमला मेकाँग नदीवर दिव्यांनी सजवलेल्या प्रचंड नौका काढतात. पण आम्हाला विचारणा होते ती मुख्यतः पहिल्या तिघांबद्दल.

ख्रिस्ती माणसाने यात भाग घ्यावा का? थोडक्यात सांगा.

माणसांसाठी केलेली गोष्ट मनापासून करा. मूर्तीला, देवतेला किंवा आत्म्याला वाहिलेली गोष्ट नम्रपणे सोडा. आणि यातलं काय कुठे मोडतं ते ठाऊक नसेल, तर करण्याआधी यजमानांना विचारा.

हे सण सुटे करून पाहता येतात, हे आधी लक्षात घ्यायला हवं. सोंगक्रानच्या तीन दिवसांत घर झाडणं आहे, वडीलधाऱ्यांची क्षमा मागणं आहे, बुद्धमूर्तीचं स्नान आहे, भिक्षूंना अन्नदान आहे, मृतांसाठी विधी आहेत आणि रस्त्यावरची धमाल आहे. सगळ्याला सरसकट हो म्हणणारा माणूस विश्वासाबाबत बेफिकीर होतो. सगळ्याला सरसकट नाही म्हणणारा शेजाऱ्याच्या आजीलाही नाही म्हणून बसतो, आणि तशी आज्ञा शास्त्रात कुठेच नाही.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात, पौल अगदी याच अडचणीवर बोलतो. बाजारात मिळणारं मांस चौकशी न करता खा. पण कोणी सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका. म्हणजे वस्तू तीच असली तरी ती कोणाला वाहिली आहे, आणि समोरचा माझ्या कृतीचा काय अर्थ घेणार आहे, यावर निर्णय ठरतो. थायलंडमध्ये ख्रिस्ती लोक साधारण एक टक्का आहेत. त्यामुळे तुमच्याकडे पाहून अर्थ लावणारे नव्याण्णव आहेत, हे ध्यानात ठेवा.

वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालतात, ती पूजा असते का?

नाही. या प्रश्नाला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथेच बरेच जण नको तितके कचरतात.

या रिवाजाला थाई लोक रोत नाम दाम हुआ म्हणतात. आमच्या मंडळीत तो सोंगक्रानच्या जवळच्या रविवारी, उपासना संपल्यावर होतो. आवारात झाडाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग मांडतात आणि साठी ओलांडलेले सगळे तिथे बसतात. नक्षीच्या घंगाळात पाणी, त्यात मोगऱ्याची फुलं, गुलाबाच्या पाकळ्या आणि थोडं सुगंधी द्रव्य. तरुण मंडळी गुडघ्यांवर बसून पुढे सरकतात. म्हातारी माणसं दोन्ही हात जोडून पुढे करतात, त्यांच्या मांडीवर एक रिकामं भांडं असतं. छोट्या वाटीने त्यांच्या तळहातांवर पाणी घालायचं आणि म्हणायचं, वर्षभरात माझ्या बोलण्याने, वागण्याने, मनातल्या विचारानेही तुम्हाला दुखावलं असेल तर क्षमा करा. मग ते ओले हात तुमच्या डोक्यावर येतात आणि आशीर्वाद मिळतो. आमच्याकडे तो येशूच्या नावाने मिळतो. कुणाच्या आशीर्वादात संपूर्ण स्तोत्र येतं, तर कुणाच्या आशीर्वादात नातवाला नोकरी लागू दे एवढंच असतं. बरीच वर्षं अबोला धरलेले भाऊ त्या रांगेत एकमेकांसमोर येतात. उपदेशाने जे होत नाही ते त्या वाटीभर पाण्याने होताना आम्ही पाहिलं आहे.

पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा, म्हाताऱ्याचा मान राख, असं लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. आईबापांचा मान राखायची आज्ञा तर दहा आज्ञांमधलीच. शिवाय, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर आधी जाऊन समेट कर, असं प्रभू डोंगरावरील प्रवचनात सांगतो. हा रिवाज त्या वचनाच्या इतका जवळचा आहे की थायलंडच्या अनेक मंडळ्यांनी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनीही, तो वर्षाच्या कार्यक्रमात घेतला आहे. 13 एप्रिल हा देशात ज्येष्ठांचा दिवस आणि 14 एप्रिल कुटुंबाचा दिवस म्हणूनही पाळतात.

तेव्हा ऑफिसात साहेबांसाठी घंगाळ मांडलं असेल तर रांगेत उभे राहा. सासूबाई थाई असतील तर घरच्यांत सगळ्यांच्या आधी तुम्ही जा.

देवळात बुद्धमूर्तीला पाणी घालायला सांगितलं तर?

तिथे थांबा. बुद्धमूर्तीचं स्नान हा श्रद्धेचा आणि पुण्य मिळवायचा भाग आहे. भाविक ते मनापासून करतात. श्रद्धा नसताना नुसता फोटोसाठी त्यात हात घालणं हा त्यांचाही अवमान आहे. चियांग माईत वात फ्रा सिंग देवळातली मूर्ती 13 एप्रिलला मिरवणुकीने निघते आणि रस्त्याच्या दोन्ही कडेला लोक तिच्यावर सुगंधी पाणी शिंपडतात. ती मिरवणूक आदराने पाहायला काहीच हरकत नाही.

देवळाच्या आवारात वाळूचे छोटे स्तूप रचतात, तेही पुण्यकर्मच आहे. वर्षभर लोकांच्या पायाला लागून देवळाची वाळू बाहेर गेली, ती परत आणायची, अशी त्यामागची भावना. भावना सुंदर आहे, पण ते अर्पण देवळासाठी आहे.

आणि रस्त्यावरची पाण्याची धमाल?

खुशाल खेळा. चियांग माईत जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या कडेला बादल्या, पिचकाऱ्या, बर्फाचं पाणी, सगळं चालू असतं. गालाला पांढरी शाडूसारखी माती लावतात, ती लावून घ्या. 24 जूनला गोव्यात सांज्यांवच्या दिवशी डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायला नकोच.

खरा धोका आहे तो दारूचा. सोंगक्रानच्या आठवड्याला थाई सरकार आणि वृत्तपत्रं 'सात धोक्याचे दिवस' म्हणतात, कारण दरवर्षी त्या दिवसांत रस्त्यांवर शेकडो माणसं मरतात आणि त्यात दुचाकीवाले सगळ्यात जास्त असतात. मूर्तीबद्दल शंभर प्रश्न विचारणारा विश्वासणारा बिअर पिऊन स्कूटर चालवतो, तेव्हा आम्हाला फार वाईट वाटतं. शिवाय भिक्षू, तान्ही मुलं, म्हातारे यांच्यावर पाणी उडवायचं नसतं. गर्दीत पाण्याच्या निमित्ताने बायकांच्या अंगाला हात लावणारे असतात, तेव्हा आपल्या मुलींना एकटं सोडू नका आणि आपल्या मुलांना आधीच नीट बजावून ठेवा.

क्राथोंग म्हणजे काय? तो पाण्यात सोडणं चुकीचं आहे का?

पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून रस्तोरस्ती क्राथोंग बनवणाऱ्या बायका बसलेल्या दिसतात. केळीच्या खांबाची दोन-तीन बोटं जाडीची चकती कापतात. ती तरंगते, म्हणून तळाला ती. मग पानाच्या पट्ट्या दुमडून टोकदार पाकळ्या करतात आणि टाचण्यांनी चकतीच्या कडेला एकावर एक बसवतात. वर झेंडू, मधोमध मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या. काही जण नाणं ठेवतात, काही आपली नखं आणि केसांची बट. पाण्यापाशी ओणवं बसून, क्राथोंग कपाळाशी धरून, मनात काही म्हणून तो हळूच सोडतात.

ते मनात जे म्हणतात, त्यावर उत्तर अवलंबून आहे. बहुतेकांच्या मनात फ्रा मे खोंगखा असते, म्हणजे आपली गंगामाई. वर्षभर तुझं पाणी वापरलं, त्याबद्दल आभार. तुला घाण केलं, त्याबद्दल क्षमा. काही जण बुद्धाच्या पदचिन्हांना वंदन म्हणून सोडतात. नखं-केस ठेवणाऱ्यांची भावना अशी की वर्षाचं पाप आणि दुर्दैव त्याबरोबर वाहून जावं.

आभार मानणं योग्य, पाणी नासवल्याची लाज वाटणं तर फारच योग्य. पण ख्रिस्ती माणूस आभार मानतो ते पाणी निर्माण करणाऱ्याचे आणि क्षमा मागतो तीही त्याच्याकडे. नदी ही देवाची निर्मिती, तिच्यापुढे हात जोडायचे नाहीत. म्हणून आमचं उत्तर असं: नदीकाठी जा, लोकांबरोबर बसा, क्राथोंग बनवायला मदत करा, दिव्यांनी भरलेली पिंग नदी डोळे भरून पाहा, पण स्वतः क्राथोंग सोडू नका.

सगळे ख्रिस्ती इतकं कडक उत्तर देत नाहीत, हेही सांगायला हवं. आजच्या शहरी तरुणांसाठी हा बराचसा जोडप्यांनी मिळून करायचा आनंदाचा कार्यक्रम झाला आहे आणि देवतेचं नावही कोणी घेत नाही, असं काही थाई ख्रिस्ती म्हणतात. पवित्र शास्त्रात रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच मतभेदांसाठी आहे. तुमच्या मंडळीतल्या कोणी क्राथोंग सोडला म्हणून त्याच्या विश्वासाचा निकाल लावू नका.

पण पाप वाहून जाणं ही कल्पना ख्रिस्तीच वाटते. मग अडचण काय?

मीखा संदेष्टा सातव्या अध्यायाच्या शेवटी म्हणतो की देव आमची सर्व पापं समुद्राच्या खोल पाण्यात टाकील. यहुदी लोक नववर्षाच्या सुमारास वाहत्या पाण्याकाठी जाऊन याच वचनाची आठवण करतात. तेव्हा नदीकाठी नखं सोडणाऱ्या माणसाची तळमळ परकी नाही. मागचं वर्ष माझ्या अंगावरून जावं, मी नव्याने सुरुवात करावी, ही ओढ सगळ्यांच्याच ठायी आहे.

फरक एवढाच की मीखाच्या वचनात टाकणारा देव आहे, आपण नाही. क्राथोंग पुढच्या वळणावर अडकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेची माणसं तो जाळीने ओढून काढतात. 2023 साली एकट्या बँकॉकमध्ये असे सहा लाखांहून जास्त क्राथोंग गोळा केले. माणसाने स्वतःच्या हाताने सोडलेलं पाप दूर जात नाही, ते कोणीतरी उचलावं लागतं. उचलणारा कोण, हे वधस्तंभाकडे पाहिलं की कळतं. एखाद्या थाई मैत्रिणीने नदीकाठी आपणहून विचारलं, तुम्ही तुमचं पाप कुठे सोडता, तर एवढं सांगायची तयारी ठेवा. तिने विचारलं नाही तर तिच्या सणात उपदेश करत बसू नका.

यी पेंगचे आकाशकंदील सोडायला काय हरकत आहे?

कागदाचा नळकांड्यासारखा कंदील, खाली बांबूचं कडं, कड्यात मेणात भिजवलेल्या कागदाची गुंडाळी. दोघा-तिघांनी धरायचा, गुंडाळी पेटवायची आणि आतली हवा तापून कंदील हाताला वर ओढू लागला की सोडायचा. लान्ना लोकांची श्रद्धा अशी की तो स्वर्गातल्या चुळामणी चेतियाला, म्हणजे स्तूपाला, वंदन म्हणून जातो आणि जाताना आपलं दुर्दैव नेतो. म्हणून पुन्हा तेच उत्तर.

त्याखेरीज साधी शेजारधर्माची बाब आहे. पेटता कंदील कोणाच्या छपरावर पडेल ते सोडणाऱ्याला कळत नाही. त्या रात्री चियांग माई विमानतळावरची बरीच उड्डाणं रद्द करावी लागतात किंवा वेळ बदलते. परवानगी ठरलेल्या तासांपुरती आणि ठरलेल्या भागापुरती असते. पर्यटकांसाठी तिकीट लावून जे मोठे कार्यक्रम होतात, त्यांतही ध्यान, मंत्रपठण असू शकतं. पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका वाचा.

दारात, गॅलरीत लावायचे रंगीत कंदील मात्र जरूर लावा. वसईत आणि गोव्यात नाताळला घरोघरी तारा लावणाऱ्यांना त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

बायबलमध्ये पाणी आणि प्रकाशाचा असा सण आहे का?

आहे, आणि त्याच सणात येशूने आपल्याबद्दलची दोन अतिशय मोठी विधानं केली. हे कळल्यापासून आमचा लॉय क्राथोंगकडे पाहायचा दृष्टिकोनच बदलला.

तो मंडपांचा सण. पीक घरात आल्यावर, शरद ऋतूतल्या पौर्णिमेपासून सुरू होणारा, सात दिवसांचा. यरुशलेमेत त्या दिवसांत रोज पहाटे याजक सोन्याची सुरई घेऊन शिलोह तळ्यावर उतरायचे, पाणी भरून मिरवणुकीने मंदिरात आणायचे आणि कर्णे वाजत असताना वेदीपाशी ओतायचे. पावसाळा तोंडावर असायचा, म्हणून ती पावसासाठीची प्रार्थनाही होती. रात्री मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात उंच सोन्याचे दीपस्तंभ पेटवायचे. तरुण याजक शिड्यांवर चढून त्यांत तेल ओतायचे आणि वाती याजकांच्या जुन्या वस्त्रांच्या असायच्या. त्या उजेडाने यरुशलेमेतलं एकही अंगण अंधारात राहत नसे, असं यहुदी परंपरा सांगते. लोक हातात मशाली घेऊन नाचायचे.

योहानाच्या सातव्या अध्यायात येशू याच सणाला आला आहे. सणाच्या शेवटच्या, महत्त्वाच्या दिवशी तो उभा राहून मोठ्याने म्हणतो: कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावं आणि प्यावं. आठव्या अध्यायात, मंदिराच्या भांडाराजवळ, म्हणजे ते दीपस्तंभ ज्या भागात होते तिथेच, तो म्हणतो: मी जगाचा प्रकाश आहे. नवव्या अध्यायात तो जन्मांधाच्या डोळ्यांना चिखल लावून त्याला धुवायला पाठवतो, तेही शिलोह तळ्यावरच.

येशूने त्या सणाला पाठ दाखवली नाही. दिवे विझवा, सुरई फोडा असंही तो म्हणाला नाही. लोक ज्याची तहान घेऊन आले होते, ती तहान खरी मानून तो म्हणाला, माझ्याकडे या. अर्थात मंडपांचा सण देवानेच नेमून दिलेला होता आणि लॉय क्राथोंग तसा नाही, हा फरक पुसून चालणार नाही. पण नदीकाठी दिवा धरून बसलेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहायचं, ते त्या अंगणात शिकायला मिळतं.

थायलंडमधल्या ख्रिस्ती लोकांनी या रिवाजांबद्दल आजवर काय भूमिका घेतली?

पोर्तुगीजांबरोबर 1567 मध्ये डोमिनिकन मिशनरी अयुथ्थयेला, म्हणजे तेव्हाच्या सयामच्या राजधानीत, आले. पुढे 1659 मध्ये रोमने पूर्वेकडे जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना लेखी सूचना दिल्या: जे रीतिरिवाज श्रद्धेच्या आणि सदाचाराच्या उघड विरोधात नाहीत, ते बदलायला लोकांना भाग पाडू नका, आपण श्रद्धा न्यायची आहे, आपला देश नाही. त्या सूचना मिळालेल्यांपैकी फ्रेंच बिशप लाँबेर द ला मॉत 1662 मध्ये अयुथ्थयेला पोहोचले. आम्हा मराठी-कोकणी माणसांना हे वाचून गोवा आठवतो. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, 1736 मध्ये, गोव्यातल्या धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशनने) हुकूम काढून लग्नातली हळद, विडे, अंगणातली तुळस असं कितीतरी बंद केलं. एकाच चर्चमध्ये दोन्ही वृत्ती होत्या, आणि दुसरीने केलेल्या जखमा अजून भरलेल्या नाहीत.

उत्तरेत डॅनियल मॅकगिल्व्हरी हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी 1867 मध्ये चियांग माईला आले. त्यांनी 18 ऑगस्ट 1868 चं सूर्यग्रहण आधीच सांगितलं होतं. त्याच दिवशी आपल्याकडे जमखंडीला आणि आंध्रात गुंटूरला शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून बसले होते. चियांग माईत नान इंता नावाचे, पूर्वी भिक्षू असलेले विद्वान गृहस्थ राहू सूर्याला गिळतो असं मानत आले होते. सांगितल्या दिवशी ग्रहण लागलं तेव्हा ते हादरले, शोध घेऊ लागले, आणि जानेवारी 1869 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात नोई सुन्या आणि नान चाई या दोन नव्या ख्रिस्ती माणसांना चियांग माईचा राजा काविलोरोत याच्या हुकमाने ठार मारण्यात आलं.

पुढचा पेच एका लग्नाचा. वधू-वर ख्रिस्ती, पण घराण्यातल्या कर्त्या माणसाने कुळाच्या आत्म्यांसाठी द्यायची रक्कम मागितली. रक्कम किरकोळ होती. तरी ती आत्म्यांसाठी होती, म्हणून त्यांनी नकार दिला. प्रकरण बँकॉकपर्यंत गेलं आणि 1878 मध्ये सयामचे (आजच्या थायलंडचे) राजा चुलालोंगकोर्न यांच्या नावाने उत्तरेत धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. वडिलांच्या हातावर पाणी घालायला आज इथले ख्रिस्ती गुडघ्यांवर बसतात, पण आत्म्यांचे पैसे त्यांच्या पूर्वजांनी दिले नाहीत. ही रेघ कोणा परदेशी माणसाने कागदावर आखलेली नाही. ती त्यांनी किंमत मोजून आखली आहे, म्हणून आम्ही तिचा इतका मान राखतो.

थाई ख्रिस्ती लोकांचा स्वतःचा प्रकाशाचा सण आहे का?

ईशान्येला सकोन नखोन प्रांतात था रे नावाचं गाव आहे. व्हिएतनामी मुळाच्या कॅथलिक कुटुंबांनी वसवलेलं आणि आजही बहुतांशी कॅथलिक. नाताळच्या दिवसांत तिथे ताऱ्यांची मिरवणूक निघते. बांबूच्या सांगाड्यावर रंगीत कागद लावलेले, आतून उजळलेले मोठाले तारे गाड्यांवरून सेंट मायकल कॅथेड्रलकडे नेतात. घरोघरीही तारे टांगलेले असतात. बेथलेहेमचा तारा आहे, आणि हातांचं कसब, कागद, बांबू सगळं त्या मातीतलं आहे. शक्य असेल तर डिसेंबरात बँकॉकच्या मॉलमधली रोषणाई सोडून इथे जा.

लॉय क्राथोंग तर आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेसारखाच झाला. मूळ हिंदू म्हणायचं का?

लॉय क्राथोंग आणि कार्तिकी पौर्णिमा बहुधा एकाच रात्री येतात. 2024 मध्ये दोन्ही 15 नोव्हेंबरला होत्या. गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत त्या रात्री सजवलेल्या नौका सोडतात. ते पाहिलेल्या माणसाला पिंग नदी ओळखीची वाटणारच. गंगेचं नाव, मेष संक्रांत, हे सगळं भारतातून गेलेलं आहे. थाई शाळांत मात्र सुखोथाई या जुन्या थाई राज्यातल्या नांग नोप्पमास नावाच्या राजस्त्रीने पहिला क्राथोंग बनवल्याची कथा शिकवतात. अभ्यासकांच्या मते ती कथा बरीच नंतरची, एकोणिसाव्या शतकातली आहे.

तरी थाई माणसाला तुमचा सण आमचाच, असं सांगत सुटू नका. आज तो बौद्ध समाजाचा सण आहे आणि त्यांनी त्याला आपलं रूप दिलं आहे. मराठी ख्रिस्ती वाचकाला इथे उपयोगी पडेल ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, त्यातून ख्रिस्त गायला. थाई मंडळीने घंगाळातलं पाणी ठेवलं, ते याच वाटेने.

घरातल्या मृतांसाठी सोंगक्रानला विधी करतात. जोडीदार थाई असेल तर काय करावं?

अनेक कुटुंबं अस्थी किंवा नावं घेऊन देवळात जातात आणि भिक्षू तिथे पठण करतात. तुम्ही बरोबर जा, शांत बसा, सासऱ्यांच्या आठवणीत रडू आलं तर रडा. विधीतली कृती, म्हणजे अर्पण देणं आणि पुण्य मृतांच्या नावे करणं, जोडीदाराला करू द्या. तुम्ही कॅथलिक असाल तर त्यांच्यासाठी मिस्सा सांगू शकता. प्रोटेस्टंट असाल तर त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार माना आणि घरच्यांना सांगा की मी असं केलं. न सांगता गैरहजर राहणं थाई घरात फार टोचतं.

मुलांना शाळेत क्राथोंग बनवायला सांगतात. पाठवायचं का?

पाठवा. पानं दुमडणं ही सुंदर हस्तकला आहे. सोडायच्या कार्यक्रमाबद्दल वर्गशिक्षिकेशी आठवडाभर आधी बोलून ठेवा, आयत्या वेळी चिठ्ठी नको. थाई शाळांत ख्रिस्ती आणि मुस्लिम मुलं असतात, शिक्षकांना याची कल्पना असते. मुलाने आपला क्राथोंग घरी आणला तर जेवणाच्या टेबलावर ठेवा, मेणबत्ती लावा आणि योहानाचा आठवा अध्याय वाचा. प्लास्टिक किंवा थर्मोकोलचा मात्र कोणीही बनवू नये.

मित्रांनी नदीवर बोलावलं तर नकार कसा द्यायचा?

बोलावण्याला नकार देऊच नका, जा. क्राथोंग हातात दिला तर दोन्ही हातांनी घ्या, वाय (थाई नमस्कार) करा आणि हळू आवाजात सांगा: मी ख्रिस्ती आहे, म्हणून मी सोडत नाही, पण तुमचा धरते, फोटो काढते. बहुतेक वेळा ते हसून बरं म्हणतात. त्यांचे देव खोटे, आमचा खरा, असली चर्चा काठावर उभं राहून करू नका. घाटावर पाय घसरतो, म्हणून मुलांचा हात सोडू नका, आणि चियांग माईत नवरात पुलाकडे जाणार असाल तर संध्याकाळी लवकर निघा, कारण अंधार पडल्यावर तिथे गाडी पुढे सरकत नाही.